रंग बदलतो, मग ओळखायचं कशावरून?

आजचा श्लोक : गीता, अध्याय २, श्लोक १३



भगवंत अर्जुनाला सांगतात, की एकाच देहात बालपण, तारुण्य, म्हातारपण येऊन जातं, पण आत राहणारा तोच असतो. धीराचा माणूस यात गोंधळत नाही. वाचायला सोपं आहे. पण रोजच्या व्यवहारात आपण गोंधळतोच.

गेल्या महिन्यात गॅलरीतल्या टोमॅटोच्या कुंडीत मला तीन प्रकारचे किडे दिसले. एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. दुसरा हिरवट, पाठीवर लाल-पांढऱ्या खुणा. तिसरा मोठा, पूर्ण हिरवा, पाठीवर त्रिकोणी ढाल. फोटो काढून शोधलं तर तिन्ही एकच निघाले : हिरवा ढेकूण, शास्त्रीय नाव नेझारा विरिडुला. याचं पिल्लू ५ वेळा कात टाकतं तेव्हा कुठे मोठं होतं, आणि वाढताना रंग बदलत जातो. थंड देशांत तर दिवस लहान झाले की मोठा हिरवा किडाही तपकिरी होतो, हिवाळा तसाच काढतो आणि वसंतात पुन्हा हिरवा होतो. म्हणून जाणकार नुसत्या रंगावर जात नाहीत. ढालीचा आकार, मिशांचे पेर, अंगाची ठेवण बघतात.

हे वाचताना मला धाकटा भाऊ आठवला. ७ वर्षांपूर्वी त्याने बाबांच्या आजारपणासाठी ठेवलेले पैसे न विचारता वापरले. परत केले, पण उशिरा. माझ्या डोक्यात तो अजून तिथेच आहे. आज आईला दर महिन्याला दवाखान्यात तोच नेतो, आणि मी मात्र तो घरी आला की कपाटाची किल्ली खिशात घालतो. स्वतःबद्दल बोलताना मात्र ‘मी आता तसा राहिलो नाही’ हे किती सहज म्हणतो!

कोणी म्हणेल, रंग बदलला म्हणून स्वभाव बदलतो का? बरोबर आहे. काळा असो की हिरवा, तो किडा टोमॅटोचा रस शोषतोच. मीही ते वेचून काढलेच. पण किड्याला आपली सोंड बदलता येत नाही, माणसाला वागणं बदलता येतं. श्लोक काही डोळे मिटून विश्वास ठेवा म्हणत नाही. सावध राहणं वेगळं आणि माणसाला त्याच्या एका टप्प्यात कोंडून ठेवणं वेगळं. सावधपणाला आजचा पुरावा लागतो. माझ्याकडचा ७ वर्षं जुना होता.

काल आईची औषधं काढायची होती. मी किल्ली भावाच्या हातात दिली. थोडा वेळ तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, नंतर कुठे ठेवू?”

तुमच्या मनात कोण असं जुन्या रंगात अडकलंय? आज त्याच्याकडे एकदा नव्याने बघूया.

राम कृष्ण हरी 🙏