दर्जा अथवा व्यवसाय

विवाहाच्या नोंदवहीत वधूवरांच्या नावांपुढे वय, निवासस्थान, पित्याचे नाव असे रकाने आखलेले असतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने नोंदवहीचा जो नमुना घालून दिला, त्यातील एका रकान्याचे शीर्षक 'दर्जा अथवा व्यवसाय' असे आहे. हे दोन शब्द एकाच रकान्यात बसवताना कायदेकर्त्यांना काही संकोच वाटला नसावा. माणूस कोणते काम करतो हे कळले, की तो समाजाच्या कोणत्या पायरीवर उभा आहे हेही कळले, अशी त्या काळची धारणा होती. आपल्या देशात तर ती धारणा इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून जातीच्या रूपाने हाडीमाशी खिळलेली होती. रकाना भरताना हात सवयीने चालतो. परंतु त्या रकान्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. माणसाच्या कामाची नोंद करताना आपण त्याची किंमतही लिहून टाकतो काय?

शासनालाही हा रकाना भरावा लागतो, आणि तोही कोट्यवधी माणसांसाठी. त्याकरिता 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण' नावाचा ग्रंथ आहे. तो प्रथम १९५८ मध्ये सिद्ध झाला आणि पुढे १९६८, २००४ व २०१५ मध्ये त्याची नवी रूपे आली. आजचे रूप आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणावर आधारलेले आहे. त्यात प्रत्येक कामाला क्रमांक असतो आणि क्रमांकाचा पहिला आकडा त्या कामाचा विभाग सांगतो. एकच्या विभागात व्यवस्थापक, दोनमध्ये उच्चशिक्षित व्यावसायिक, तीनमध्ये त्यांचे सहायक व तंत्रज्ञ, असे उतरत उतरत सातमध्ये कारागीर, आठमध्ये यंत्रचालक आणि नऊमध्ये झाडणारे, ओझे वाहणारे असे साधे काम करणारे येतात. २००४ च्या रूपात कौशल्याच्या चार पातळ्या मुख्यतः औपचारिक शिक्षणाच्या वर्षांनी मोजल्या होत्या. पहिली पातळी दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची, तर चौथी पंधरा वर्षांहून अधिक शिक्षणाची.

या ग्रंथाची दृष्टी समजण्यासाठी एक नवे काम पाहू. आपली काही शिकलेली मुले-मुली पुणे, हैदराबादकडे 'टेक्निकल रायटर' म्हणून नोकरीला लागतात. औषधाच्या वेष्टनातील माहितीपत्रक, पंप बसवण्याच्या सूचना, संगणकाची प्रणाली कशी वापरावी याचे पुस्तक, असे लेखन ती करतात. घरी आईवडिलांना प्रश्न पडतो की मुलगा अभियंता म्हणावा की लेखक? आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने याचे उत्तर दिले आहे. २६४१ या क्रमांकाच्या गटात कवी, कादंबरीकार आणि नाटककार बसतात, आणि त्यांच्याच शेजारी हा तांत्रिक लेखकही बसतो. साहित्यिकांना ही पंगत कदाचित रुचणार नाही. तरीही वर्गीकरणाने येथे एक खरी गोष्ट ओळखली आहे. न दिसणाऱ्या वाचकासाठी शब्द जुळवणे हे दोघांचेही काम. कवीची ओळ लंगडी पडली तर रसिक थोडा नाराज होतो. औषधाच्या मात्रेची ओळ चुकली तर एखादे बालक दगावू शकते. असे असूनही कवीला सभेत शाल मिळते आणि माहितीपत्रकावर लिहिणाऱ्याचे नावही छापले जात नाही. क्रमांक एकच, मान मात्र वेगळा. म्हणजे मान देणारा किंवा नाकारणारा तो ग्रंथ नव्हे. ते काम आपण करतो.

आता आपल्या सोलापुरातील घराघरांत चालणारे काम घ्या. तेंदूचे पान भिजवायचे, मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर ठरते. बोटे थांबली की मजुरी थांबली. ही बाई वर्गीकरणात सातव्या विभागात, तंबाखूचे पदार्थ करणाऱ्या कारागिरांत येते. तिचे कौशल्य शाळेच्या वर्षांत मोजता येत नाही, कारण ती ते आईच्या शेजारी बसून शिकली. पण तिच्या नोंदीचा इतिहास वर्गीकरणाच्या बाजूने साक्ष देतो. घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईला 'कामगार' मानायला कारखानदार सहज तयार होत नसे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तिला कामगाराच्या व्याख्येत घेतले. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला आणि विडी कामगार म्हणून ओळखपत्र हाती आले. त्या नोंदीच्या बळावर दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती व घर यांवर हक्क सांगता आला. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत ही विडी कामगार स्त्रियांचीच. वहीतील एका शब्दाने माणसाच्या डोक्यावर छप्पर येते. म्हणून 'नावात काय आहे' असे म्हणून या नोंदींना हसणे हे केवळ ज्यांचे नाव आधीच नोंदले गेले आहे त्यांनाच परवडते.

नाव न लागणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. २००१ च्या जनगणनेत गायीचे दूध काढणे हे काम ठरले, मग ते दूध घरच्या पोरांनीच का पिईना. पण ते दूध तापवून पोरांना पाजणे हे काम ठरले नाही. घरकाम करणारी स्त्री 'काम न करणाऱ्यां'त मोजली गेली. एका अपघाती मृत्यूच्या भरपाईचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये या गोष्टीवर कठोर शब्दांत बोट ठेवले. गृहिणींना भिकारी, वेश्या व कैदी यांच्या रांगेत बसवणे हे असंवेदनशीलतेचे लक्षण आहे, असा त्या निकालाचा आशय होता. भरपाई ठरवताना प्रश्न आला की मृत पत्नीच्या श्रमाचे मोल किती. ज्याची नोंदच नाही त्याचे मोल शून्याकडे झुकते. २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर त्यात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे देतात असे दिसले. पाच तासांचे श्रम, आणि रकान्यात मात्र रेघ!

वाचकांना वाटेल की धर्मसेवेचे क्षेत्र तरी या पायऱ्यांतून सुटले असेल. तसे नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात धर्मगुरू २६३६ क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या विभागात आहे. धर्मभगिनी ३४१३ वर, तिसऱ्या विभागात. धर्मगुरू व्यावसायिक आणि कुष्ठरोग्याची जखम धुणारी धर्मभगिनी सहायक! हे ठरवणाऱ्यांनी कोणाचा अपमान करण्याचे योजले नव्हते. शिक्षणाच्या मापाने त्यांनी हिशेब केला. पण तो आकडा वाचून एखाद्या धर्मगुरूला आपण वरच्या पायरीवर आहोत असे वाटले, तर दोष ग्रंथाचा राहत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये मानवी श्रमावर जे विश्वपत्र लिहिले, त्याचा गाभा येथे उपयोगी पडतो. श्रमाचे मोल प्रथम तो करणाऱ्या माणसावरून ठरते. काय घडवले गेले हा प्रश्न त्यानंतरचा. वर्गीकरण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते आणि ते उत्तर आवश्यक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार कोणत्याही तक्त्याला नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक येशूला ज्या ग्रीक शब्दाने ओळखतात, त्याचा अर्थ सुतार घ्यावा की बांधकाम करणारा कारागीर, यावर विद्वान आजही चर्चा करतात. गावकऱ्यांनी त्याचा व्यवसाय बरोबर सांगितला होता. चुकले ते पुढे, जेव्हा व्यवसायावरून त्यांनी त्याचा दर्जा ठरवला.

तेव्हा आपल्यापुढे दोन कर्तव्ये उरतात आणि त्यांतले एक पाळून दुसरे सुटत नाही. पहिले, नोंद सत्य व पूर्ण करावी. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. प्रगणकाने घरातील स्त्रीचे काम विचारले की आपल्याकडे पुरुष पटकन म्हणतात, 'ती काही करत नाही.' ती विड्या वळत असेल, शिवणकाम करत असेल, दुकानाच्या गल्ल्यावर बसत असेल, शेतात राबत असेल, तर ते सांगावे. शक्य तर तिलाच सांगू द्यावे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा प्रगणकाच्या कागदालाही लागू आहे. दुसरे कर्तव्य, नोंदीतील क्रमाने माणसे लावू नयेत. सोयरीक जुळवताना मुलाचे काम विचारणे योग्यच. ते ऐकताच आपला आवाज चढतो की उतरतो, हे ज्याचे त्याने तपासावे. 'अथवा' हा एक छोटा शब्द दीडशे वर्षे दोन वेगळ्या गोष्टींना बांधून आहे. कायद्याच्या कागदावरून तो काढणे आपल्या हाती नाही. मनातून काढणे प्रत्येकाच्या हाती आहे.