शिवेतला देव

देव गावाचा, हे सगळेच मानतात. गाव कोणाचं, हे मात्र आमच्या चाकण पट्ट्यात आता छातीठोकपणे सांगता येत नाही. जिथला कांदा-बटाटा आम्ही चाकणच्या बाजारात न्यायचो, तिथे आज कंपन्यांची कुंपणं आहेत. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. त्याच्या आगेमागे सुट्या भागांची वर्कशॉपं उभी राहिली. माझ्या रानाचा मोबदला आला, त्यातून मी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यांत लातूर, बीड, बिहारकडची पोरं राहतात.

भैरवनाथाच्या यात्रेची बैठक बसली की या पोरांचा विषय निघतो. त्यांच्याकडून वर्गणी घ्यायला कुणाची ना नसते. पालखीला खांदा द्यायचा म्हटलं की आवाज चढतात. ‘‘देव आपला, मान आपला. आज खांदा देतील, उद्या मान मागतील.’’

या भीतीला मी हसत नाही. मांडव-डहाळ्यांच्या फांद्या कुणी आणायच्या, पालखी कुठल्या वाटेने न्यायची, शेरणी कुठे वाटायची, हे कागदावर नाही. ज्या घराकडे जे काम, त्या घराने ते ध्यानात ठेवलं, म्हणून यात्रा टिकली. गावकीपेक्षा भाडेकरू जास्त झाले की हे सारं विसरलं जाईल, ही धास्ती खोटी नाही.

पण ‘आपला’ म्हणजे कशाने आपला? रक्ताने म्हणाल, तर रक्ताचा देव निराळा. माझं कुलदैवत जेजुरीला. मी कुठेही गेलो तरी खंडोबा माझा. भैरवनाथाचं तसं नाही. तो शिवेचा राखणदार. शिवेच्या आत जो राहतो, तो त्याच्या राखणीत. पूर्वी मेंढरं घेऊन धनगर यायचे, खतासाठी आमच्या रानात मेंढ्या बसवायचे. मुक्काम हलवताना नाथापुढे नारळ फोडायचे. त्यांच्याकडे कुणी जमिनीचा उतारा मागितला नाही.

जमिनीने म्हणाल, तर आधी माझीच पंचाईत. माझ्या रानाच्या सातबाऱ्यावर आता औद्योगिक महामंडळाचं नाव आहे. जमिनीवरून देव ठरत असेल, तर मीही त्याचा भाडेकरूच.

देहू इथून लांब नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. येणं सोडलं, गाव सोडलं नाही. हक्क गेला तरी नातं राहू शकतं, हे मी त्यातून घेतो. मी तर पैसे मोजून घेऊन हक्क सोडला, त्यात थोरपण कसलं? तरीही नाथ माझा म्हणतो, ते इथे राहतो, दिवा लावतो, यात्रेत राबतो, एवढ्याच बळावर. रात्रपाळीहून परतताना देवळापुढे चप्पल काढून हात जोडणारा पोरगा याहून वेगळं काय करतो?

म्हणून माझं म्हणणं असं: मान जुन्या घरांकडेच राहू द्या, पण जबाबदारी म्हणून. ज्यांना वाट ठाऊक आहे त्यांनी पुढे चालून ती दाखवावी. खांदा कुणाचाही असो. हे पटत नसेल, तर त्या पोरांची वर्गणीही घेऊ नये. पालखीजवळ येऊ द्यायचं नाही आणि पैसे तेवढे घ्यायचे, हे भाडं झालं. आणि नाथाच्या नावाने भाडं वसूल करायचा अधिकार आम्हाला कुणी दिलेला नाही.