नामरूप आणि व्हँपायर
माधानच्या प्रज्ञाचक्षू संत-तत्त्वज्ञ गुलाबराव महाराजांचे नाव ऐकत वाढलेल्या अमरावती-अकोल्याच्या वाचकास नामरूपभेदाचा (रूप पालटले तरी नाव तेच राहिले, तर वस्तू तीच का, हा) प्रश्न परका नाही; तोच प्रश्न डी हॅविलँड व्हँपायर ह्या ब्रिटिश लढाऊ जेट विमानाच्या दप्तरातही दडलेला आढळतो. २० सप्टेंबर १९४३ रोजी हॅटफील्ड येथे जे प्रथम उडाले, ज्याच्या वैमानिककक्षाच्या धडात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्साचे हलके लाकूड चिकटविलेले होते (सुतारांनी अभिमान बाळगावा असे हे जेट!), तेच एफ-३ ही आवृत्ती होऊन अधिक इंधन वाहू लागले, १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झाले, आणि एफबी-५ ह्या रूपात, पंखांची टोके छाटून व बांधा बळकट करून, बॉम्बवाहू बनले. मग ‘तेच’ म्हणावयाचे कशास? माझ्या मते, प्रयोजन पालटले तेथेच वस्तूही पालटली. नाव मात्र केवळ सोयीसाठी उरले.