दोषाचे पाच वाटेकरी

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिण टोकाला, उबरलिंगेन गावाच्या आकाशात, दोन विमानं एकमेकांवर आदळली. एक रशियन प्रवासी विमान, बार्सिलोनाकडे निघालेलं. त्यात बहुतेक उफा शहरातली शाळकरी मुलं होती. दुसरं मालवाहू, त्यात दोनच वैमानिक. ७१ जण गेले, कुणीही वाचलं नाही. त्या आकाशावर लक्ष ठेवणारा नियंत्रक झुरिकमध्ये बसला होता. टक्कर व्हायला मिनिटभरही उरलं नसताना त्याला धोका दिसला आणि त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितलं. पण विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र, टीकास, त्याच वैमानिकांना वर चढायला सांगू लागलं. मालवाहू विमानातल्या टीकासने ‘खाली जा’ म्हटलं आणि तिथल्या वैमानिकांनी ते ऐकलं. रशियन वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दोन्ही विमानं एकाच वेळी खाली येत राहिली. पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये, या अपघातात बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरी गाठून भोसकून मारलं.

त्या बापाचं दुःख समजायला तत्त्वज्ञान लागत नाही. पण त्याने धरलेलं उत्तर तपासायला हवं, कारण रोजच्या व्यवहारात आपणही तेच उत्तर देतो: ज्याच्या हातून घडलं, त्यानेच ते केलं. गीतेच्या अठराव्या अध्यायाने नेमका या समजुतीलाच हात घातला आहे. कुठल्याही कर्मामागे अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा (म्हणजे हालचाली) आणि दैव अशी पाच कारणं असतात, असं तिथे सांगितलं आहे. एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे, असंही. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह आणि करणं म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावतात. अहंकार गळावा म्हणून केलेला हा उपदेश आहे, अपघाताच्या चौकशीसाठी नव्हे, हे मला मान्य आहे. तरी जे स्वतःविषयी खरं, ते दुसऱ्याविषयीही खरं असायला हवं. माझ्या यशाचा कर्ता मी एकटा नसेन, तर त्याच्या चुकीचा कर्ता तो एकटा कसा?

झुरिकच्या त्या खोलीत डोकावलं की हे पाचही वाटेकरी दिसू लागतात. रात्रपाळीला नियंत्रक दोन होते, पण एक विश्रांतीला गेला होता. नियमात न बसणारी ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली होती आणि वरिष्ठ ती चालू देत होते. त्या रात्री यंत्रणेच्या देखभालीचं काम निघालं होतं, त्यामुळे दोन विमानं जवळ येऊ लागली की पडद्यावर उमटणारा इशारा बंद होता. मुख्य टेलिफोन बंद होता आणि पर्यायी लाइनमध्ये बिघाड होता. त्यातच फ्रीड्रिखसहाफेनला उतरणारं एक विमान उशिरा आलं. ते दुसऱ्या पडद्यावर होतं. म्हणजे एकटा माणूस दोन जागा सांभाळत, न लागणारा फोन पुन्हा पुन्हा लावत होता. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्राला येणारी टक्कर दिसली होती. तिथले लोक झुरिकला फोन करत राहिले, तोही लागेना. आणि टीकास एक सांगतं, नियंत्रक दुसरंच, तर ऐकायचं कुणाचं, याबाबत नियमांत आणि पुस्तिकांत एकवाक्यता नव्हती. जर्मन चौकशी अहवालाने २००४ मध्ये हे सगळं मांडलं. नियंत्रकाला धोका वेळेवर दिसला नाही, हे त्यात आहेच. पण तेवढंच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, माणूस त्या जागी बसवला आहे तो सावध राहण्यासाठीच. मान्य. पण सावधपणा हुकमाने वाढत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकंच मिटवत आणि विमान पोटावर बसे. आल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दोन्ही खटके शेजारी-शेजारी होते आणि अगदी सारखे दिसत. त्याने एकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. अंधारात बोटांनाही फरक कळावा. वैमानिक तेच, त्यांचा थकवाही तोच, पण ती चूक थांबली. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराचीच मूठ असते. गीतेच्या भाषेत, इथे करण, म्हणजे साधन, सुधारलं, कर्ता होता तसाच राहिला.

दुसरा आक्षेप जड आहे: दोष पाच ठिकाणी वाटला तर तो कुणाचाच उरत नाही, आणि जो करेल तो भरेल हा कर्मसिद्धांतच ढासळतो. मला उलट दिसतं. स्विस न्यायालयाने २००७ मध्ये नियंत्रण कंपनीतल्या चौघांना निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूंबद्दल दोषी ठरवलं. कारण एकच मानलं असतं, तर नियंत्रकाच्या मृत्यूबरोबर सगळा हिशेब मिटला असता. कारणं अनेक मानली, म्हणूनच जबाबदारी त्या खोलीबाहेर पोचली. हेतूने मात्र फरक पडतो. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने जाणूनबुजून विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं आणि १५० जण मेले. तिथे यंत्रणेकडे बोट दाखवून कर्त्याचा भार हलका करणं मला अनैतिक वाटतं. पण चूक आणि पाप यांना एकाच तराजूत तोलणं हेही अनैतिकच.

आणि शिक्षेने पुढचा अपघात टळतो का? उबरलिंगेनच्या सतरा महिने आधी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानच्या यायझूजवळ हेच घडलं होतं. नियंत्रकाकडून विमानाचा क्रमांक चुकला, एका वैमानिकाने त्याचं ऐकलं, दुसऱ्याने टीकासचं. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसं होती. टक्कर थोडक्यात चुकली, पण सुमारे शंभर जण जखमी झाले. तिथल्या नियंत्रकांवर खटला चालला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दोष कायम केला. पण टीकासचा इशारा नियंत्रकाच्या शब्दाहून वरचढ, हा निःसंदिग्ध आंतरराष्ट्रीय नियम उबरलिंगेननंतर आला. माझ्या लेखी खरा हिशेब इथे चुकला: माणसं न्यायालयात पोचली, धडा मात्र ७१ जणांपर्यंत वेळेत पोचला नाही.

आपल्या धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताच्या विचारात पाप उघड सांगण्याला मोठं मोल दिलं आहे. मनुस्मृतीत कबुली हा शुद्धीचा एक मार्ग मानला आहे. अमेरिकेत १९७६ पासून विमानक्षेत्रात जवळपास तशीच सोय आहे. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ यांच्यापैकी कुणीही आपली चूक नासाकडे लिहून कळवू शकतो; शिक्षेचा अधिकार असलेल्या खात्याकडे नव्हे. लिहिणाऱ्याची ओळख पुसली जाते. चूक मुद्दाम केलेली नसेल, त्यात गुन्हा वा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंड होत नाही. ही सवलत दुबळेपणाची आहे, असं काहींना वाटतं. पण रात्रपाळीत एकटं बसावं लागतं, फोन लागत नाही, पडद्यावरचा इशारा बंद असतो, हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसालाच आधी कळतं. त्याने ते कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर त्याचं काय होईल, याचं उत्तर त्याला सांगण्यापूर्वीच माहीत असावं लागतं.