आयर्विनवर 30 फूट

पुणे, 12 मे

चि. बाळास,


अक्षय्य तृतीयेला दादाने दुकानाची किल्ली तुझ्या हाती दिली, हे कळल्यावर फार बरं वाटलं. सांगलीच्या गणपती पेठेत तीन पिढ्या चाललेला घाऊक किराणा आता तू बघणार. अभिनंदन फोनवर केलंच आहे. हे पत्र पावसाळा तोंडावर आलाय म्हणून लिहिते. माझी सगळी नोकरी विम्याच्या दावे विभागात गेली. पुरात बुडालेल्या दुकानांचे कागद माझ्या टेबलावरून गेले, आणि त्यांतलं जे मनात राहिलं ते तुला आत्ताच सांगायला हवं.

2019 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात मोठी हानी निष्काळजी माणसांची झाली असं समजू नकोस. 2005 च्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथे भिंतीवर रेघ मारून, तिच्याही वर हातभर उंचीवर फळ्या ठोकून ज्यांनी साखर-डाळीची पोती रचली, ती पेठेतली सावध माणसं होती. पण त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि ती रेघ, त्या फळ्या, वरची पोती सगळंच पाण्याखाली गेलं. मागचा पूर जिथे थांबला तिथेच पुढचाही थांबेल, हे गृहीतच खोटं होतं. आपल्याही दुकानात दादाने 2019 ची रेघ मारून ठेवली आहे. ती आठवण म्हणून राहू दे. तिच्यावर माल ठेवण्याचा बेत आखू नकोस.

आपल्या कृष्णेत एक मोठी सवलत आहे, ती ओळख. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत घुसलं. माल सोडा, माणसांना माळ्यावर चढायला वेळ मिळेना. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तिथेही कुणाला हालचालीची संधी नव्हती. सांगलीत तसं नसतं. कोयनेचा विसर्ग, कऱ्हाडच्या संगमावरची पातळी, आयर्विनचा आकडा, हे सगळं तासातासाला कळत राहतं आणि पाणी पायरीपायरीने चढतं. पण हळू चढणारं पाणीच माणसाला फसवतं. आज दोन फूट वाढलं, उद्या उतरेल, अलमट्टी धरणातून विसर्ग वाढवलाय म्हणे, असं म्हणत प्रत्येक जण आणखी एक दिवस थांबतो. शेवटी टेम्पोवाल्याचा फोन लागत नाही.

म्हणून निर्णय आत्ता, कोरड्या जमिनीवर बसून घे आणि तो आकड्याला बांध. सरकारी इशारा पातळी 40 फुटांची आहे, धोका पातळी 45 ची. तुझा आकडा 30 असू दे. 40 ची वाट का बघायची नाही, ते सांगते. आपले हमाल राहतात कुठे? सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर. 40 ची पातळी येते त्या सुमारास पेठ अजून कोरडी असते, पण त्यांच्या दारात पाणी आलेलं असतं. ज्या दिवशी तुला पोती हलवायला दहा माणसं हवी असतात, नेमक्या त्याच दिवशी ती आपली भांडीकुंडी आणि म्हातारे आईबाप घेऊन निवारा शिबिराकडे निघालेली असतात. त्यांनी तुझा माल आधी हलवावा अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. दुकान 30 ला हलव, आणि 35 ला आपलाच टेम्पो त्यांच्या घरचं सामान हलवायला दे. हे उपकार म्हणून नको, ठरलेल्या कामाचा भाग म्हणून कागदावर लिही.

माल जाईल कुठे? कुपवाडला एमआयडीसीच्या बाजूला उंचावर एखादी वखार जून ते सप्टेंबर अशी चार महिन्यांसाठी भाड्याने घे. सगळा माल हलणार नाही, म्हणून क्रम आजच ठरव. साखर, रवा, मैदा, पोहे आधी, कारण ते भिजले की संपले. मग डाळी आणि तांदूळ. तेलाचे डबे शेवटी. हलवूनही पाणी आलंच नाही, तर हमाली आणि टेम्पोचं भाडं फुकट गेलं असं दादा म्हणेल. म्हणू दे. काही वर्षं ते फुकट जाणारच आहे. वीजबिलासारखा तो धंद्याचा खर्च धर.

वखारीचा उपयोग माल वाचवण्यापुरता नाही, आणि मला जास्त कळकळ आहे ती याचीच. 2019 ला सांगली पाण्यात होती तेव्हा जत-आटपाडीकडे प्यायच्या पाण्याचे टँकर चालू होते. म्हणजे आपलं गिऱ्हाईक ज्या तालुक्यांत आहे तिथे पूर नव्हता. तिथल्या दुकानदारांना श्रावणाचा, पुढे गणपतीचा माल हवाच होता. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, तरी जतचा रस्ता वेगळा. अशा वेळी गिऱ्हाईक सोलापूर किंवा विजापूरच्या पेठेकडे वळतं, आणि एकदा तिथली उधारी सुरू झाली की परत येत नाही. कुपवाडहून तू चार दिवसांत थोडा का होईना माल पाठवू शकलास, तर दुकान चालू आहे. गणपती पेठेतलं शटर महिनाभर बंद असलं तरी.

त्यासाठी दिवाणजींच्या डोक्यात जे आहे ते बाहेर काढ. कुणाकडे किती येणं, कुणाला किती दिवसांची मुदत, कुठल्या मिलवाल्याला कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे एकट्या त्यांना माहीत आहे. साठ्याला विमा मिळतो, उधारीची वही वाहून गेली तर त्याची भरपाई कुणी देत नाही. टॅलीची प्रत रोज रात्री नेटवर चढली पाहिजे, आणि महिन्याची एक छापील येणेयादी माझ्याकडे पुण्याला येऊ दे. बँकेत सहीचा अधिकार दोघांना ठेव. यूपीआयचं सगळं एकाच मोबाईलवर असेल तर तो मोबाईल भिजल्यावर काय करणार, तेही बघून ठेव.

आता विमा. यात मी तुला सूट देणार नाही. तुमच्या पॉलिसीची रक्कम मार्चच्या साठ्यावर ठरली आहे, आणि पूर येतो ऑगस्टमध्ये, सणांचा माल भरलेला असताना. साठा 80 लाखांचा आणि विमा 40 लाखांचा असेल, तर 20 लाखांच्या नुकसानीचे 10 लाखच हाती येतात. लोकांना वाटतं 40 लाखांपर्यंतचं सगळं मिळेल. या एका गैरसमजातून मी भांडणं आणि रडणं दोन्ही पाहिलंय. एप्रिल 2021 पासून धंद्याच्या एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे. तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते, त्याहून जास्त नाही. रक्कम भर श्रावणातला साठा धरूनच लिहून घे. कुपवाडच्या वखारीचा पत्ता पॉलिसीत चढव, नाहीतर वाचवायला नेलेला माल तिथे विम्याशिवाय पडून राहील. आणि जीएसटी विसरू नकोस: नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट कायद्याने परत करावं लागतं. म्हणून विम्याची रक्कम करासकट धर आणि तसं स्पष्ट लिहून घे. दुकान बंद असताना पगार, भाडं, बँकेचं व्याज चालूच राहतं, त्यासाठी नफ्याच्या नुकसानीचं वेगळं संरक्षण असतं. त्याचा हप्ता एजंटाला विचार.

सरकारी मदतीवर भिस्त ठेवू नकोस. 2021 ला दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50 हजार रुपये ठरले होते. तेवढ्यात आपल्या दुकानाची एक भिंतसुद्धा उभी राहत नाही. तरी पंचनामा करून घ्यायचाच.

पाणी उतरल्यावर पहिला हात झाडूला लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद आहे याची खात्री, मग फोटो आणि व्हिडिओ, प्रत्येक रांगेचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळव. सर्व्हेअर यायच्या आत माल फेकू नकोस. सडायला लागला आणि हलवावाच लागला, तर कंपनीला कळवून, मोजून, नमुने बाजूला ठेवून हलव. आणि एक गोष्ट माझ्या शब्दाखातर पाळ. पुराचं पाणी लागलेली डाळ उन्हात वाळवून स्वस्तात घ्यायला माणसं येतील. पोतंभरसुद्धा द्यायचं नाही. त्या पाण्यात गटारं असतात आणि ती डाळ शेवटी कुणाच्या तरी घरात शिजते.

पॉलिसीचं नूतनीकरण 15 जूनला आहे असं दादा म्हणाला. पाणी चढू लागल्यावर रक्कम वाढवून द्यायला कुणी तयार होत नाही, तेव्हा हे मे महिन्यातच उरक. मी 1 जूनला सांगलीला येते. तोवर वरचं सगळं एका पानात लिहून काढ: किती फुटांना काय, कोण करणार, तो नसेल तर कोण. दिवाणजी, हमालांचा मुकादम आणि टेम्पोवाला, तिघांनाही दुपारी दुकानात बोलावून ठेव. कागद त्यांच्यासमोर वाचू, आणि ते जिथे हे जमणार नाही म्हणतील तिथे बदलू.

वहिनीला नमस्कार सांग. दादाची बीपीची गोळी चुकत नाही ना, तेवढं बघ.

तुझी,
आत्या