आवरणे, सोडवणे, निस्तरणे

अव्यवस्थेसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. पसारा, घोळ, गुंता, गोंधळ, सावळागोंधळ, बजबजपुरी, अनागोंदी, बेबंदशाही, अंदाधुंदी, ढिसाळपणा, गबाळेपणा. यादी सहज लांबते. परीक्षांच्या मार्गदर्शकांत यांतले पाचसहा शब्द ‘समानार्थी’ म्हणून एका ओळीत कोंबलेले असतात. वर्तमानपत्रे तेवढीही तसदी घेत नाहीत. बहुतेक भार त्यांनी एकट्या ‘गोंधळा’वर टाकला आहे. प्रश्नपत्रिका उशिरा पोचल्या तर गोंधळ, लोकल रखडल्या तर गोंधळ, सभागृह तहकूब झाले तर तेही गोंधळामुळेच. देवीच्या गोंधळाशी या शब्दाचे नाते सर्वांना ठाऊक आहे. चौक मांडणे, घट, देवदेवतांना आवाहन, आख्यान, आरती असा क्रम पाळणाऱ्या विधीने क्रमाच्या अभावाला नाव पुरवावे, ही भाषेची जुनीच थट्टा.

एका ओळीतल्या या शब्दांत पहिला फरक मालकीचा आहे. पसाऱ्याला मालक असतो. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या, संशोधकाच्या टेबलावरची उघडी पुस्तके, दिवाळीच्या फराळात गुंतलेले स्वयंपाकघर हे सारे परक्याला अस्ताव्यस्त दिसते. मांडणाऱ्याला मात्र झारा कुठे आणि कात्री कुठे हे न बघता सांगता येते. दुसऱ्या कोणी आवरून ठेवले की वस्तू सापडत नाहीत, अशी तक्रारही तोच करतो. म्हणून या शब्दात निंदा थोडी. कारभाराचा किंवा विश्वाचा पसारा म्हणताना तर विस्ताराचे कौतुकच असते. अडगळीला मालक असतो, पण उपयोग सरलेला असतो. घोळाचा मालक दडलेला असतो. मतदारयादीतला घोळ, हिशेबातला घोळ म्हटले की ‘कोणी केला?’ हा प्रश्न शब्दाबरोबरच येतो. ढिसाळ, भोंगळ, गबाळा ही विशेषणे थेट माणसाकडे बोट दाखवतात. ‘गोंधळ उडाला’ या वाक्यात मात्र कर्ता शोधूनही सापडत नाही. खुलासा करणाऱ्या अधिकाऱ्याला हाच शब्द का सुचतो, ते यावरून कळते. ‘घोळ’ म्हटले की चौकशी लावावी लागते. गोंधळाबद्दल दिलगिरी पुरते.

घरातून दरबारात गेले की शब्दांना माणसांची आणि मुलखांची नावे चिकटतात, आणि ती बहुधा हरलेल्यांची किंवा शत्रूंची असतात. ‘ही काय मोगलाई आहे?’ हा संतापाचा प्रश्न अजून ऐकू येतो. मराठे निजामाला मोगल आणि त्याच्या मुलखाला मोगलाई म्हणत. मोगलांची मनसबदारी आणि त्यांची महसुलाची दफ्तरे पाहता, कारभाराच्या उतरंडीची त्यांना कमतरता होती असे कोणी म्हणणार नाही. पण शब्द ठरवताना त्यांचे मत कोणी विचारले नाही. अनागोंदीचा संबंध तुंगभद्रेच्या उत्तर तीरावरच्या, हंपीसमोरच्या आनेगुंदीशी जोडण्याची रीत आहे: 1565 च्या पराभवानंतर विजयनगरचे साम्राज्य गेले, तरी तिथल्या राजांना थाट सोडवेना, अशी त्यामागची कल्पना. भाऊगर्दी हा शब्द पानिपतावरच्या सदाशिवरावभाऊंची आठवण देतो. जुन्या मराठीत गर्दी म्हणजे नुसती दाटी नव्हे, तर कत्तल आणि धूळधाणही. आज तिकिटासाठी जमलेल्या इच्छुकांनाही तोच शब्द पुरतो.

बारभाईंची गोष्ट मात्र उलटी आहे. बारभाईचा कारभार म्हणजे अनेकांनी हात घातलेले आणि कोणीच न पाहिलेले काम. इतिहासातल्या बारभाईंना हे लागू करणे अन्यायाचे आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी मंडळी नारायणरावांचे काका रघुनाथराव यांच्याविरुद्ध एकत्र आली, नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवले आणि एप्रिल 1774 मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे अवघ्या काही आठवड्यांत पेशवाईची वस्त्रे आणवली. पुढे त्यांच्यात फूट पडली हे खरे. तरीही रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर निघालेल्या इंग्रजी फौजेला जानेवारी 1779 मध्ये वडगावला नमते घ्यावे लागले, आणि 1782 च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. एवढे साधूनही ‘बारभाई’ हे शिवीसारखेच वापरले जाते. कारभाराला एकच डोके असले पाहिजे ही समजूत पुराव्यापेक्षा बळकट ठरली.

मालकीचा भेद इथवर पुरतो, पुढे लंगडतो. सभासद गोंधळ ‘घालतात’ तेव्हा गोंधळालाही मालक मिळतो, आणि ‘घोळ झाला’ म्हणताच घोळाचा मालक निसटतो. नामे एकमेकांच्या हद्दीत सर्रास शिरतात. मार्गदर्शकांच्या कर्त्यांना एवढे श्रेय द्यावे लागेल. नुसती नामे पाहिली तर त्यांची ओळ तितकी चुकीची नाही. हद्द सांभाळतात ती क्रियापदे, आणि त्यांतही अव्यवस्था दूर करण्याची क्रियापदे. पसारा आवरतात. गुंता सोडवतात, आणि तो सोडवताना ओढाताण चालत नाही. घोळ निस्तरतात, बहुधा दुसऱ्याने केलेला. गोंधळ निवळतो, तो निवळू देण्यासाठी थोडे थांबावे लागते. ही क्रियापदे आपापली जागा सोडत नाहीत. घोळ कोणी आवरत नाही आणि पसारा कोणी निस्तरत नाही. गडबड ओळखण्याची खूण तिच्या स्वरूपात नसून तिच्यावर करायच्या कामात आहे.

अनागोंदी, बजबजपुरी, अंदाधुंदी यांना असे खास क्रियापद नाही. त्या तणासारख्या ‘माजतात’, पण माजल्यावर काय करायचे यासाठी ‘आळा घालणे’, ‘संपवणे’ असे कुठेही चालणारे शब्द घ्यावे लागतात. नेमके काही म्हणायचे असेल तर मराठी पुन्हा घरात येते आणि कपड्याच्या घडीचा आधार घेते. कारभाराची घडी विस्कटते, आणि ती नव्याने बसवावी लागते. पानिपतानंतर थोरल्या माधवरावांनी राज्याची विस्कटलेली घडी बसवली, असे शाळेच्या इतिहासात शिकवले जाते. 1761 ते 1772 एवढा काळ त्यांना त्यासाठी मिळाला.