कुठं सही करू?

डोंबिवलीत, मानपाडा रोडवरच्या आमच्या इमारतीत कुणालाही कागद करायचा असला की तो आधी नानांच्या टेबलावर जातो. भाडेकरार असो, वारसाची नोंद असो, नाहीतर गॅसच्या पुस्तकावरचं नाव बदलायचं असो. नानांनी तीसेक वर्षं एका पतपेढीत कर्जखात्याच्या टेबलावर काढली. अक्षर मोत्यासारखं, आणि पैसे घेत नाहीत. काम झालं की मात्र उठता उठता एक सल्ला ऐकावा लागतो : "काय वाटेल ते करा, पण कुणाला जामीन राहू नका."

सल्ला अनुभवाचा. कर्जदार हप्ते बुडवतो आणि चहा पिता पिता ज्यानं सही केली त्याचा पगार कापला जातो. सहकार कायद्याचं कलम 49 त्यासाठीच आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर 101चा दाखला निघतो आणि वसुली अधिकारी दारात उभा राहतो. हे नाना इतक्या रंगवून सांगायचे की ऐकणारा घरी जाऊन आपलं पेन लपवून ठेवील.

नानांचा मुलगा 1997 साली शिकायला अमेरिकेला गेला आणि न्यू जर्सीत स्थिरावला. त्याची मुलगी तिकडेच जन्मली, म्हणजे जन्मानंच तिथली नागरिक. सुट्टीत ती आजोबांकडे यायची आणि तिचा सगळा दिवस नानांच्या जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांच्या घरी जायचा. त्या घरातल्या मुलाशी तिनं गेल्या वर्षी लग्न केलं. विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिली, ती 30 दिवस फलकावर राहिली, मग दोन हार, तीन साक्षीदार आणि पेढे. एक साक्षीदार नाना. साक्षीदार चालतो, जामीनदार नाही, असं तेव्हा ते हसून म्हणाले होते.

आता नवऱ्याला तिकडे न्यायचं. नागरिकानं जोडीदारासाठी अर्ज केला तर व्हिशाच्या संख्येची मर्यादा आड येत नाही. नुसतं ग्रीनकार्ड असलेल्याला ती रांग चुकत नाही. तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला महिनेच्या महिने लागतात. त्या कागदांत एक होता आय-864. नातीनं तो आजोबांना पाठवला. नानांनी दोन दिवस चष्मा पुसून पुसून वाचला आणि खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून आम्हाला सांगितलं, "अरे, हा तर आपला जामीनरोखाच! फरक एवढाच की ह्यात कर्ज कुठंच नाही, नुसता जामीन आहे."

खरंच तसं आहे. येणारा माणूस सरकारी मदतीवर पडणार नाही, पडलाच तर मी भरीन, असं बोलावणाऱ्यानं लिहून द्यायचं. त्यासाठी आपलं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट दाखवायचं. दोन माणसांच्या घराला 2025 साली ते वर्षाला साधारण 26,437 डॉलर होतं. नात अजून शिकत होती आणि ग्रंथालयात अर्धवेळ काम करत होती. तिचं उत्पन्न तिथवर पोचेना. अशा वेळी अमेरिकेतच राहणारा दुसरा कुणी सहजामीनदार लागतो. ही जबाबदारी लवकर संपत नाही. आलेला माणूस तिथला नागरिक झाला, किंवा चाळीस तिमाह्यांचं काम, म्हणजे साधारण दहा वर्षं, त्याच्या नावावर जमा झालं, किंवा त्यानं देश कायमचा सोडला, किंवा कुणाचा मृत्यू झाला, तरच. घटस्फोट झाला तरी सुटका नाही. हे वाक्य नानांनी दोनदा वाचून दाखवलं.

सहजामीनदार कोण होणार? अर्थात मुलीचा बाप.

त्याचा फोन आला. "नाना, सही मी करतो. पण पोरगा ग्रीनकार्डासाठीच आला असेल तर? उद्या सोडून गेला तर दहा वर्षं माझ्या गळ्यात. त्याच्या आईकडून लिहून घ्या. मला काही भरावं लागलं तर त्यांनी द्यायचं. त्यांची खोली आहे ना नावावर?"

नानांचा हाच मुलगा तिकडच्या मराठी मंडळात आनंदीबाई जोशींवर भाषण देतो. कल्याणची मुलगी 1883 साली बोटीनं तिकडे गेली आणि रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी, नात्याच्या ना गोत्याच्या, तिला घरात ठेवून घेतलं, हे सांगताना म्हणे त्याचा आवाज भरून येतो. असो.

नानांना लेकाचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. उलट, शिकवलेलं वाया गेलं नाही असंच वाटलं असावं. शंभराचा मुद्रांक आता पुरत नाही, म्हणून त्यांनी पाचशेचा घेतला, मसुदा साध्या कागदावर लिहिला आणि संध्याकाळी नातजावयाच्या आईकडे गेले.

तिचं मानपाडा रोडवरच पोळीभाजी केंद्र आहे. सातची वेळ, स्टेशनकडून आलेल्या बायका रिक्षातून उतरून थेट काउंटरवर. 'दहा पोळ्या, पाव किलो भेंडी.' नाना बाजूच्या स्टुलावर बसले. गर्दी जरा ओसरल्यावर त्यांनी विषय काढला. नातीच्या बापाला धास्ती वाटते, सूनबाई, कागद असलेला बरा, वगैरे. तिनं पूर्ण ऐकलंही नाही. पिठाचा हात पदराला पुसला, फाइलमधला कोरा मुद्रांक पुढं ओढला आणि गल्ल्यातलं पेन उचललं.

"कुठं सही करू?"

"अगं, कोरा आहे तो! मसुदा तरी वाच."

"तुम्ही लिहिलाय ना नाना? मग मी काय वाचायचं?"

नानांनी मुद्रांक जवळजवळ हिसकावून घेतला. "थांब, दोन चुका राहिल्यात," म्हणाले आणि छत्री तिथंच विसरून घरी आले.

हेच तीन शब्द त्यांनी पूर्वी ऐकले होते. 1997 साली, पतपेढीच्या काउंटरवर. मुलाच्या तिकिटासाठी आणि पहिल्या सहामाहीसाठी ऐंशी हजारांचं कर्ज. पतपेढीच्याच नोकरीतल्या माणसाला तिथं जामीन राहता येत नव्हतं. शेजारचा टर्नर, ह्या बाईचा सासरा, एमआयडीसीतली पाळी संपवून तसाच आला होता. नखांत तेल. "नाना, कुठं सही करू?" कर्ज कुणाचं, किती, काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मुलाची तिकडची कामाची सोय गेली. चार हप्ते थकले. घरात नानांच्या बायकोचं ऑपरेशन. शेवटी कारखान्याला पगारकपातीचं पत्र गेलं, आणि कर्जखातं नानांच्याच टेबलावर, त्यामुळे ते त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात गेलं. चार महिने, दरमहा 2,150. टर्नर एक शब्द बोलला नाही. दिवाळीला नेहमीसारखा फराळाला आला, चकली छान झालीय म्हणाला. पुढे मुलानं कर्ज फेडलं; त्या चार हप्त्यांचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात देऊ, असं नाना म्हणत राहिले आणि एका पावसाळ्यात टर्नर गेला. जामीन राहू नका, हे नाना तेव्हापासून सांगू लागले. आम्हाला वाटायचं, जामीनदारांच्या काळजीनं सांगतात.

त्या रात्री नानांनी पाचशेचा मुद्रांक भरून काढला. कर्जदार म्हणून आपल्या मुलाचं नाव. जामीनदार म्हणून टर्नरचं. जामीनदाराच्या पगारातून वळते केलेले हप्ते चार, रक्कम रुपये 8,600, आजपावेतो परत केलेली नाही. खाली लिहिलं, हे पगारकपातीचं पत्र मी लिहिलं होतं, आणि स्वतःची सही केली. कर्जदाराच्या सहीची जागा कोरी ठेवली. फोटो काढून मुलाला पाठवला. सोबत एक अक्षर नाही.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नाना त्या दोन दिवसांत खाली आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नातीचा फोन आला. "आजोबा, बाबांनी आय-864वर सही केली, टॅक्स रिटर्नही दिलं. आणि ते विचारतायत, तेव्हा पतपेढीचा व्याजदर किती होता?"

नानांनी चष्मा शोधला, कपाटावरून जुनी वही काढली आणि छत्री आणायला निघाले.